दोन पावसाळे खाजनात वापरलेला ईसी पेन: घ्यावा की नाही

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब होणार आहे. ईसी मीटर म्हणजे पाण्यातून वीज किती जाते त्यावरून खारेपणा सांगणारं यंत्र, माझं पेनाएवढं. त्याच्यावर ऑनलाइन जे रिव्ह्यू सापडतात ते एकतर फिश टँकवाल्यांचे, नाहीतर आरओचं पाणी तपासणाऱ्यांचे, "डिलिव्हरी फास्ट, पॅकिंग मस्त" वगैरे, आणि गच्चीवर लेट्यूस लावणारे चारपाच जण. गुडघाभर चिखलात उभं राहून खाऱ्या शेतात पेन वापरलेल्या माणसाचा एकही रिव्ह्यू मला मिळाला नव्हता. मिळाला असता तर माझे दोन आठवडे वाचले असते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, हाच पेन चार वेगवेगळ्या स्टिकरखाली विकला जातो आणि आतला माल एकच. मला ३,४०० ला पडला, स्वतःच्या खिशातून, स्टायपेंड यायच्या आधी.

मी फोंड्याची. एमएस्सी करताना एका आंतरराष्ट्रीय प्रोजेक्टवर स्टुडंट रिसर्चर होते. बाहेरचं एक विद्यापीठ, इकडची एक संस्था, पैसे तिसऱ्याच देशातून आणि चिखलात आम्ही. काम म्हणजे मांडवी नदीतल्या चोडण बेटावरच्या खाजनात दर आठवड्याला ठरलेल्या जागी जाऊन पाण्याचा आणि मातीचा खारेपणा मोजायचा आणि कुठलं भात किती तग धरतं ते लिहून ठेवायचं. प्रोजेक्टकडे चांगला लॅबचा मीटर होता की, पण तो लॅबमध्येच राहायचा, फेरीबोटीतून न्यायचा तर सही लागायची आणि सही करणारे सर कायम मीटिंगला. दुसऱ्या आठवड्यात वैतागून मी पेन ऑर्डर केला.

गोव्याबाहेरच्यांसाठी खाजन म्हणजे काय ते दोन वाक्यांत. नदीच्या भरतीखाली जाणारी खोलगट जमीन, तिला चिकणमातीचे बांध घालून आत भात पिकवायचं, आणि बांधात एक मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार, भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलत उघडतं. मानशीच्या आतल्या बाजूला पाणी साठतं ती पोय, तिथली मासळी वेगळी, मानशीचा लिलाव वेगळा, त्यावरून भांडणं तर विचारूच नका. जूनचा पाऊस मातीतलं मीठ धुऊन नेतो, मग बी पडतं. आणि ते कधी टाकायचं हाच खाजनातला सगळ्यात महागडा प्रश्न. लवकर टाकलं तर कोवळं रोप खारात जळतं, उशीर झाला तर पुढचं सगळंच मागे पडतं. भात रोपटं असताना आणि फुलोऱ्यात आलं असताना खाराला सगळ्यात जास्त घाबरतं, मधल्या काळात बरंच सोसतं.

आता पेन. चांगलं आधी. हलका आहे, खिशात बसतो, एका हाताने चालतो (दुसऱ्या हातात छत्री असते हे डिझाइन करणाऱ्याला कसं कळलं देव जाणे). वॉटरप्रूफ लिहिलंय ते खरं निघालं, एकदा पोयीत पडला, मानस चालवणाऱ्या काकांनी जाळ्याने काढून दिला, पुसला आणि चालू. टेंपरेचरचं करेक्शन आपोआप होतं, आणि ही गोष्ट नाही असा स्वस्त पेन दिसला तर पुढे स्क्रोल करा, कारण पाणी एक डिग्री तापलं की ईसी साधारण २ टक्के वाढून दिसतो, सगळे आकडे २५ डिग्रीवर आणून मोजायचे असतात आणि मे महिन्यात आपल्याकडे वाफ्यातलं साचलेलं पाणी ३५-३६ ला सहज जातं. म्हणजे मीठ तेवढंच आणि आकडा वीस टक्के जास्त. फक्त बुडवल्या बुडवल्या आकडा लिहू नका, मिनिटभर थांबा, पेनला पाण्याइतकं गरम व्हायला वेळ लागतो.

सेल घड्याळात घालतात ते बटणसेल, चार लागतात. एका सीझनला एक सेट पुरला. मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराजवळ एका घड्याळवाल्याकडे मिळाले, ऑनलाइनपेक्षा स्वस्त.

वाईट आता. पहिली गोष्ट, टोपण. त्याला दोरी नाही. पहिल्याच आठवड्यात टोपण चिखलात गेलं आणि मग इलेक्ट्रोडवर चिकणमाती बसायला लागली, आकडे हळूहळू उतरायला लागले आणि मला वाटलं वा, पावसाने मीठ चाललंय. कसलं चाललंय, पिनांवर चिखलाचा थर होता. दर बुडवणीनंतर डिस्टिल्ड वॉटरने धुवायचंच. ते केमिकलच्या दुकानात शोधत फिरू नका, गाडीच्या बॅटरीचं पाणी मिळतं तेच आणायचं.

दुसरी, रेंज. हा पेन २० मिलिसिमेन्सपर्यंतच मोजतो (ईसीचं माप, पुढचे ईसीचे आकडे त्यातलेच). समुद्राचं पाणी ५० च्या वर असतं. मे महिन्यात मानशीच्या बाहेर मांडवीत बुडवला की नुसत्या रेघा दाखवतो. पाणी पातळ करून मोजता येतं पण मग पटीत गुणून जो आकडा येतो तो अंदाजच, कारण पातळ केल्यावर ईसी अगदी त्याच प्रमाणात उतरत नाही. नदीचं पाणी मोजायचं असेल तर जास्त रेंजचा घ्या, महाग आहे पण पर्याय नाही. वाफ्यातल्या पाण्याला हा पुरतो.

तिसरी, कॅलिब्रेशन. म्हणजे ईसी आधीच ठाऊक असलेल्या द्रावणात बुडवून पेनचा आकडा जुळवून घ्यायचा. बॉक्समध्ये त्या द्रावणाचं, १.४१३ चं, एकच पाकीट येतं. आमच्यासारख्यांना १२.८८ चं पण लागतं, नाहीतर गोड पाण्यात पेन हुशार आणि खाऱ्यात गप्पा मारतो. पाकीट फोडलं की त्याच दिवशी वापरा, झाकून ठेवून पुढच्या आठवड्याला वापरणारे महाभाग आमच्याच ग्रुपमध्ये होते, नाव सांगत नाही, मीच.

आणि चौथी, जिच्यामुळे हा सगळा रिव्ह्यू लिहायला बसले. पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात किती भाग क्षार. पेन ऑन केला की आधी पीपीएम दाखवतो, ईसीसाठी बटण दाबावं लागतं. आता गंमत अशी की पेन मुळात मोजतो ती फक्त पाण्यातून वीज किती जाते ते, म्हणजे ईसी. पीपीएम हा आतला हिशेब आहे, ईसीला कशाने तरी गुणलेलं, आणि ते "कशाने तरी" प्रत्येक कंपनीचं वेगळं, कोणी ०.५ ने गुणतं कोणी ०.७ ने. म्हणजे त्याच बादलीत दोन पेन बुडवा, एक १,००० म्हणेल दुसरा १,४००, आणि दोघंही खरं बोलतायत.

आमच्याबरोबर युरोपातून आलेला एक पाहुणा विद्यार्थी होता, त्याच प्रोजेक्टवर, त्याचा पेन त्याने घरून आणलेला. मुलगा चांगला, फिशकरी-भात हाताने खायला तिसऱ्या दिवशी शिकला. बांधाच्या पूर्वेकडचे वाफे त्याचे, पश्चिमेकडचे माझे. दोन आठवडे दोघांनी इमानेइतबारे पीपीएम लिहिले. मग झूमवर मीटिंग झाली आणि तिकडच्या मॅडमनी आमच्या आकड्यांचा नकाशा दाखवला, पूर्वेकडची बाजू लाल, पश्चिमेकडची पिवळी, आणि पूर्वेचा बांध गळतोय का, खारं पाणी तिकडून शिरतंय का यावर वीस मिनिटं चर्चा. कूळ संघटनेच्या, म्हणजे बांध सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या, लोकांना विचारायचं ठरलं. त्यांना विचारलं तर ते आमच्याकडे बघतच राहिले, पूर्वेचा बांध त्यांनी त्याच वर्षी चिखल-दगड घालून बांधून काढलेला. शेवटी आम्ही दोघांनी एका बादलीत दोन्ही पेन बुडवले आणि दोघंही खाली बसलो. गुणाकार सोपा, एका संध्याकाळी सगळे आकडे परत ईसीत आणले, लाल रंग गेला. पण कोणाच्या मोबाइलमधल्या फॉर्ममध्ये "पेनचं स्केल कुठलं" असा रकानाच नव्हता. साठ प्रश्नांचा फॉर्म, शेतकऱ्याच्या घरात टीव्ही आहे का हे पण विचारलेलं. म्हणून ज्यांना कामासाठी घ्यायचाय त्यांना एकच सांगते, पीपीएम विसरा, कायम ईसी लिहा.

अजून एक चूक सगळे करतात. पुस्तकात दिलेलं असतं की ईसी ३ च्या वर गेला की भाताचं उत्पन्न उतरायला लागतं. तो ३ मातीचा लगदा करून त्यातून काढलेल्या पाण्याचा असतो. आपण पेनने मोजतो ते एकतर वाफ्यात साचलेलं पाणी नाहीतर एक भाग माती पाच भाग पाणी हलवून केलेलं द्रावण. त्या द्रावणाचा आकडा खूपच कमी येतो, त्याला मातीच्या पोताप्रमाणे गुणावं लागतं, चिकणमातीला कमी पटीने आणि वाळूला जास्त. सरळ आकडा घेऊन "अरे वा ०.८, माती गोड आहे" म्हणालात तर शेत गेलं.

आता तुम्ही म्हणाल खाजनातल्या म्हाताऱ्या माणसांना पेन कशाला, ते जिभेवर सांगतात. सांगतात, मी बघितलंय. काका बोट बुडवून जिभेला लावतात, थुंकतात आणि "उदक गोडें" नाहीतर "खारें" असा निकाल. पहिल्या महिन्यात मीसुद्धा भारावून गेले होते, डायरीत मोठमोठी वाक्यं लिहिली पारंपरिक ज्ञानावर. मग जून संपताना एक दिवस काका म्हणाले गोडें, आणि पेन म्हणाला ४.६. परत धुतला, परत कॅलिब्रेट केला, ४.५. काकांनी परत चाखलं, जरा विचार केला आणि म्हणाले, हां, थोडंसं आहे. एकदम खारं आणि एकदम गोडं यात जीभ कधीच चुकली नाही. पण २ ते ५ च्या मधे, जिथे कोवळ्या रोपाचं मरण-जगणं ठरतं, तिथे जीभ गोंधळते, त्यात पाण्यात चिखल, सकाळची विडी. हे काकांनीच कबूल केलं, मी नाही म्हणत. त्या दिवसापासून पेन त्यांनी मनावर घेतला.

प्रोजेक्टबद्दल पण लिहिते, कारण मला मेसेज येतात की असल्या इंटरनॅशनल प्रोजेक्टवर विद्यार्थी म्हणून जावं का. जा. पण कशासाठी घेतायत ते विचारून जा. बोर्लॉग-रुआन इंटर्नशिप नावाचा एक प्रकार आहे, १९९८ पासून, अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना आठ आठवडे दुसऱ्या देशांतल्या संशोधन केंद्रात पाठवतात. शाळेतल्या मुलांना डोळे उघडायला आठ आठवडे पुष्कळ. पण तोच हिशेब आमच्या पाहुण्या विद्यार्थ्याला लावलेला, तो जूनमध्ये आला ऑगस्टमध्ये गेला, आणि खाजनातलं भात कापतात ऑक्टोबरच्या सुमाराला. त्याने मोजलेल्या रोपांची लोंबी त्याने बघितलीच नाही. मी त्याला फोटो पाठवले. तो तिकडे प्रयोगशाळेत बसून रडला असं म्हणाला, खरंखोटं माहीत नाही, पण मला बरं वाटलं.

पैशांचं पण बघून ठेवा. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत आवळली तेव्हा तिकडच्या विद्यापीठांमधून चालणाऱ्या फीड द फ्युचर इनोव्हेशन लॅब्ज, म्हणजे त्या मदतीवरचे शेती-संशोधनाचे प्रकल्प, जवळजवळ सगळ्या बंद पडल्या, आणि त्यात जगभरातले किती विद्यार्थी अर्धा थिसिस हातात घेऊन उभे राहिले. आमचे पैसे दुसरीकडचे होते म्हणून वाचलो.

बाहेरच्यांना आमच्या खाऱ्या शेतात एवढा रस का, तर त्यालाही कारण आहे. केरळातलं पोक्काळी भात असंच खाऱ्या पाण्यातलं. फिलिपीन्समधल्या लॉस बान्योसला १९६० साली सुरू झालेली आंतरराष्ट्रीय भात संस्था, तिथल्या लोकांनी पोक्काळीचा खार सोसायचा गुण भाताच्या १ नंबरच्या क्रोमोझोमवरच्या एका तुकड्यात शोधला, त्याला सॉल्टोल म्हणतात, आणि तो आज इतर भातांत घालतात. आपल्या खाजनातलं कोरगुट भात त्याच जातकुळीतलं. जुने गोव्याच्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेने कोरगुटातून निवडून गोवा धान १ आणि २ काढले. म्हणजे काकांच्या वाफ्यात आहे ते साधं भात नाही. पाहुण्या विद्यार्थ्याने जाताना मूठभर कोरगुट आठवण म्हणून मागितलं, काका पिशवी भरूनच देत होते, मला मधे पडून नाही म्हणावं लागलं. आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे, परदेशी माणसाला संशोधनासाठी असलं बी न्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते. काकांना ते पटलं नाही. पाहुण्याला मूठभर तांदूळ नाही देत? त्यांच्यासमोर मलाच कंजूस वाटलं. शेवटी उकडे तांदूळ दिले शिजवायला, ते उगवत नाहीत.

आणि गमबूट. प्रोजेक्टच्या बजेटमध्ये ड्रोन होता, गमबूट नव्हते. पावसाळी शेतात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाची, भीती असते, पायाला कापलेलं असलं तर जास्त. आम्ही दोन महिने चपला हातात घेऊन अनवाणी फिरलो, मग एकीला ताप आला (साधाच निघाला) आणि मग बूट आले, सगळे ९ नंबरचे. कुठल्याही प्रोजेक्टला होय म्हणायच्या आधी बूट आणि विमा विचारा, पेपरवर नाव येणार का ते नंतर विचारा. माझं आलं, सहाव्या नंबरला.

पण सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. पहिला सीझन संपला, रिपोर्ट झाला, इंग्रजीत, रंगीत नकाशे. एका रविवारी मी सहज चोडणला गेले होते तर मानशीवरच्या एका मावशींनी विचारलं, "बाय, इतके दिस मेजलें, आमचें कितें?" (इतके दिवस मोजलंत, आमचं काय?) माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही वर्षभर त्यांच्या वाफ्यात उभे राहून आकडे नेले आणि त्यांना एकही सांगितला नव्हता. म्हणजे तोंडी सांगायचो विचारलं तर, पण कधी बी टाकायचं हे ठरवणाऱ्या माणसाच्या हातात तो त्या दिवशी पोचायला हवा होता, डिसेंबरात पीडीएफ होऊन नाही.

दुसऱ्या सीझनला मी आणि माझ्या मैत्रिणीने एक साधी गोष्ट केली. मानशीजवळच्या खोलीच्या भिंतीवर खडूने तक्ता काढला, तारीख, जागा, आकडा, आणि बाजूला अमावस्या-पौर्णिमा, कारण त्या दिवसांच्या भरतीला बांधाचा जीव वरखाली होतो. पहिल्या सीझनच्या नोंदी आणि कुठली रोपं जळली ते ताडून त्या वाफ्यांपुरती साचलेल्या पाण्याची आमची एक कामचलाऊ रेघ ठरवली, ३. पुस्तकातल्या ३ शी तिचा काही संबंध नाही, दुसऱ्या गावी नेऊ नका. खालच्या आकड्याला बी टाका, वरच्याला थांबा. प्रोजेक्टमधल्या एका सरांना हे फारसं आवडलं नाही, म्हणाले डेटा पब्लिश व्हायच्या आधी भिंतीवर कसा लिहिला. दुसऱ्या मॅडमनी तक्त्याचा फोटो काढून आपल्या प्रेझेंटेशनमध्ये घातला. असो.

सीझन संपल्यावर प्रोजेक्टचं सामान गोळा करून नेलं, लॅबचा मीटर, ड्रोन, उरलेले ९ नंबरचे बूट. पेन माझा होता. तो काकांना देऊन आले, टोपणाला सुंभाची दोरी बांधून, सोबत पाकिटं आणि बॅटरीच्या पाण्याची बाटली.

तर पाचपैकी चार. एक स्टार टोपणासाठी आणि ऑन केल्या केल्या पीपीएम दाखवण्यासाठी कापला. तेवढं सोडलं तर खाजनात, वाफ्यातल्या पाण्यासाठी, याच्यापेक्षा महाग घ्यायची गरज नाही. नदी मोजायची तर हा नको. विद्यार्थी असाल तर प्रोजेक्टने दिलेल्या मीटरची वाट बघू नका, आणि बिल सांभाळून ठेवा, माझे ३,४०० अजून यायचेत.

पेन अजून चालतो. यंदा जूनमध्ये सकाळी साडेसहाला काकांचा फोन, आवाज चढलेला, "बाय, अकराशें पन्नास आयलें!" मी अंथरुणातच उठून बसले. व्हॉट्सॲपवर फोटो आला, हललेला, पण खाली कोपऱ्यात पीपीएम दिसलं. काका, वरचं बटण दाबा. दाबलं. २.३. मग बी टाकू का, तर मी म्हटलं मानशीच्या बाजूच्या कोपऱ्यात पण एकदा बुडवून बघा, मिनिटभर धरा. थोड्या वेळाने दुसरा फोटो, तोही हललेला. ४.१. तेवढ्या कोपऱ्यापुरते अजून तीन दिवस थांबले.